अमेरिकी माजी सैनिकांसाठी व्हीए गृहकर्ज: फायदा नेमका कुठे आहे आणि तो पदरात कसा पाडायचा

अमेरिकेच्या सैन्यात सेवा केलेला माणूस घर शोधायला लागला की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणतं, «तुला काय, शून्य डाउन पेमेंट!» खोटं नाही ते. पण शून्य डाउन पेमेंट ही या कर्जाची फक्त दर्शनी बाजू आहे, आणि काही वेळा तीच महागात पडते. या कर्जातले खरे पैसे फी माफ होण्यात, उत्पन्न मोजण्याच्या वेगळ्या पद्धतीत आणि पुढे घर विकताना हातात राहणाऱ्या एका दुर्मीळ सवलतीत आहेत.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण पुढचे जवळजवळ सगळे नियम तिच्यातूनच निघतात. डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे व्हीए, तुम्हाला पैसे देत नाही. पैसे बँक, क्रेडिट युनियन किंवा मॉर्गेज कंपनी देते. व्हीए त्या लेंडरला हमी देते: कर्ज बुडालं तर साधारण २५ टक्क्यांपर्यंतचा तोटा आम्ही भरू. २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केलेल्या कायद्यातून, ज्याला सगळे जीआय बिल म्हणतात, ही व्यवस्था आली. एरवी लेंडरला हा आधार तुमच्या २० टक्के डाउन पेमेंटमधून मिळतो. तेवढे पैसे नसतील तर दर महिन्याला पीएमआय नावाचा विमा तुमच्या माथी मारला जातो. इथे आधार सरकारचा, म्हणून डाउन पेमेंटही नाही आणि पीएमआयही नाही.

याची दुसरी बाजू बरेच जण विसरतात. हमी लेंडरला आहे, तुम्हाला नाही. हप्ते थकले तर घर जाऊ शकतं. व्याजदर व्हीए ठरवत नाही, लेंडर ठरवतो. त्यामुळे दोन लेंडरकडच्या दोन व्हीए कर्जांमध्ये हजारो डॉलरचा फरक पडू शकतो.

पात्रता: नागरिकत्व नव्हे, सेवा

सध्या सक्रिय सेवेत असाल तर सलग ९० दिवस पुरे होताच पात्रता मिळते. २ ऑगस्ट १९९० नंतर सेवा करून बाहेर पडलेल्यांसाठी सर्वसाधारण नियम सलग २४ महिन्यांचा आहे, किंवा ज्या पूर्ण मुदतीसाठी बोलावलं गेलं ती मुदत, पण ती किमान ९० दिवसांची हवी. सेवेतल्या दुखापतीमुळे किंवा आजारामुळे लवकर सोडावं लागलं असेल तर ही मुदत आड येत नाही. नॅशनल गार्ड आणि रिझर्व्हमधल्यांना सहा वर्षांची ग्राह्य सेवा किंवा प्रशिक्षणाव्यतिरिक्त ९० दिवसांची सक्रिय सेवा लागते. गार्डच्या बाबतीत टायटल ३२ खाली, म्हणजे राज्याच्या हुकमतीत पण केंद्राच्या पैशावर, केलेले ९० दिवसही चालतात, मात्र त्यातले किमान ३० दिवस सलग हवेत. हा बदल तुलनेने नवा आहे. काही वर्षांपूर्वी «तू बसत नाहीस» असं ऐकलेल्या गार्डमधल्या माणसाने पुन्हा तपासून पाहावं.

डिस्चार्ज, म्हणजे सेवेतून मिळालेली मुक्तता, कोणत्या प्रकारचा आहे यावर बरंच अवलंबून असतं. ऑनरेबल किंवा जनरल असेल तर सहसा अडचण येत नाही. डिसऑनरेबल असेल तर दार बंद. मधल्या प्रकारांत व्हीए प्रत्येक प्रकरण वेगळं तपासते, म्हणून स्वतःच निकाल लावून घरी बसू नये. आपल्याकडे ग्रीन कार्डवर भरती झालेले बरेच आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी: व्हीएची पात्रता सेवेवर ठरते, नागरिकत्वावर नाही. लेंडर वास्तव्याची कागदपत्रं मागेल, ती वेगळी गोष्ट.

सेवेत किंवा सेवेमुळे मृत्यू आलेल्या सैनिकाच्या पती किंवा पत्नीलाही हा हक्क मिळू शकतो. त्यांचा अर्ज वेगळा असतो, २६-१८१७ क्रमांकाचा.

सीओई मिळवा, आणि नीट वाचा

पात्रतेचा दाखला म्हणजे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, सगळे सीओईच म्हणतात. तो तीन मार्गांनी मिळतो: व्हीएच्या संकेतस्थळावरून, २६-१८८० हा अर्ज टपालाने पाठवून किंवा लेंडरमार्फत. लेंडरचा रस्ता बहुतेक वेळा सर्वांत जलद. त्यांच्या प्रणालीत नोंदी जुळल्या तर काही मिनिटांत दाखला हातात येतो. सोबत काय लागेल ते सेवेवर ठरतं. सेवा सोडलेल्यांना डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा कागद लागतो, तोही डिस्चार्जचा प्रकार आणि कारण ज्यात छापलेलं असतं ती लांब प्रत. छोटी प्रत दिली की फाइल तिथेच अडते. सेवेत असलेल्यांना युनिटच्या अधिकाऱ्याच्या सहीचं सेवेचं पत्र लागतं. गार्डमधल्यांना एनजीबी-२२ हा गार्डच्या सेवेचा दाखला आणि सेवेच्या पॉइंट्सचा तक्ता लागतो.

हा कागद घर पाहायला सुरुवात करण्याआधी मागवा. ऑफर दिल्यावर नोंदींतली चूक सापडली तर ती दुरुस्त होईपर्यंत घर दुसऱ्याचं होतं.

सीओई हातात आला की दोन ओळी शोधा. पहिली, फंडिंग फीची: माफ की लागू. दुसरी, हमीच्या हक्काची, म्हणजे व्हीए तुमच्यासाठी किती रकमेची हमी देऊ शकते त्याची. तिथे अनेकदा ३६,००० डॉलर हा आकडा दिसतो आणि माणूस हादरतो, «मला फक्त छत्तीस हजारांचं कर्ज?» तसं नाही. तो मूळ हक्काचा जुना आकडा आहे. मोठ्या कर्जासाठी त्यावर अतिरिक्त हक्क आपोआप जोडला जातो. पूर्ण हक्क शिल्लक असेल तर १ जानेवारी २०२० पासून शून्य डाउन पेमेंटवर व्हीएकडून कमाल मर्यादा उरलेली नाही. मर्यादा आता तुमच्या उत्पन्नाची आणि लेंडरच्या तयारीची.

फंडिंग फी: सगळ्यात मोठा आकडा, सगळ्यात कमी तपासलेला

हमी फुकट नसते. खरेदीच्या कर्जावर एकदाच फंडिंग फी लागते. ७ एप्रिल २०२३ पासून लागू असलेले दर असे:

पहिल्यांदा वापर, ५ टक्क्यांहून कमी डाउन पेमेंट: कर्जाच्या २.१५ टक्के
दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर, ५ टक्क्यांहून कमी डाउन पेमेंट: ३.३ टक्के
५ टक्के किंवा जास्त डाउन पेमेंट, कितव्याही वेळी: १.५ टक्के
१० टक्के किंवा जास्त: १.२५ टक्के

४ लाख डॉलरचं घर, पहिला वापर, शून्य डाउन पेमेंट धरा. फी ८,६०० डॉलर. ती कर्जातच मिसळता येते, मग कर्ज ४,०८,६०० होतं. दर ६.५ टक्के आणि मुदत ३० वर्षं धरली तर मुद्दल-व्याजाचा हप्ता सुमारे २,५८३ डॉलर येतो. त्याच घरावर एफएचए कर्ज, म्हणजे फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या विम्याचं कर्ज, घेतलं तर ३.५ टक्के म्हणजे १४,००० डॉलर आधी भरायचे, १.७५ टक्के विमा कर्जात मिसळायचा आणि वर ०.५५ टक्क्यांचा वार्षिक विमा हप्त्याला चिकटून राहणार. त्याच दराने महिन्याचा आकडा सुमारे २,६५९ होतो. म्हणजे व्हीए कर्जात १४ हजार खिशात राहिले आणि हप्ताही ७६ डॉलरने कमी.

दुसऱ्या वापराला मात्र गणित बदलतं. शून्यावर ३.३ टक्के म्हणजे १३,२०० डॉलर. ५ टक्के, म्हणजे २०,००० डॉलर भरले तर फी ३,८०,००० च्या दीड टक्का, ५,७०० डॉलर. वीस हजार भरल्याबरोबर साडेसात हजार वाचले. असा परतावा दुसरीकडे कुठे मिळतो ते शोधून दाखवा. दुसऱ्यांदा घेणाऱ्याने ५ टक्के जमत असतील तर «शून्य» या शब्दाच्या मोहात पडूच नये.

आता माफीचं. सेवेशी संबंधित अपंगत्वासाठी व्हीएकडून भरपाई मिळत असेल तर फंडिंग फी पूर्ण माफ. भरपाईचा हक्क आहे पण त्याऐवजी निवृत्तिवेतन किंवा सक्रिय सेवेचा पगार घेत असाल, तरीही माफ. डीआयसी, म्हणजे सैनिकाच्या सेवेमुळे झालेल्या मृत्यूची भरपाई, मिळणाऱ्या विधवा-विधुरांना माफ. पर्पल हार्ट, म्हणजे लढाईत जखमी झाल्याचं पदक, मिळालेले आणि अजून सेवेत असलेले, त्यांनाही माफ. अपंगत्वाची टक्केवारी, म्हणजे रेटिंग, किती याने इथे फरक पडत नाही, १० टक्के रेटिंगवर भरपाई सुरू असली तरी पुरते. ८,६०० डॉलरचा फरक एका जुन्या गुडघ्याच्या किंवा कानाच्या दाव्यावर अवलंबून असू शकतो, आणि तो दावा कित्येकांनी «जाऊ दे, कोण फेऱ्या मारणार» म्हणून केलेलाच नसतो.

दावा प्रलंबित असताना क्लोजिंग, म्हणजे सह्या होऊन घर आणि कर्ज तुमच्या नावावर होणं, झालं तर फी भरावी लागते. पण नंतर भरपाई मंजूर होऊन तिची लागू तारीख क्लोजिंगच्या आधीची निघाली, तर फी परत मिळते. ती कुणी आपणहून दारात आणून देईल असं समजू नका. मंजुरीचं पत्र आणि क्लोजिंगची कागदपत्रं घेऊन तुमच्या भागाच्या रीजनल लोन सेंटरकडे मागणी करा. सेवा सोडणार असाल तर बाहेर पडण्याच्या १८० ते ९० दिवस आधी दावा दाखल करता येतो. त्यावर क्लोजिंगपूर्वी प्राथमिक रेटिंग मिळालं तर माफी तिथल्या तिथेच लागू होते.

लेंडर तुमचं उत्पन्न कसं मोजतो

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण अर्ज नाकारले जातात ते इथेच, आणि सुटतातही इथेच.

व्हीए किमान क्रेडिट स्कोअर ठरवत नाही. लेंडर ठरवतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो ६२० असतो, काहींकडे ५८०. म्हणून एका लेंडरने नाही म्हटलं म्हणजे व्हीएने नाही म्हटलं असं होत नाही. दिवाळखोरीचं चॅप्टर ७, म्हणजे मालमत्ता विकून देणी मिटवणं, झालं असेल तर साधारण दोन वर्षं थांबावं लागतं. चॅप्टर १३ मध्ये, म्हणजे कोर्टाने ठरवलेल्या हप्त्यांनी देणी फेडताना, १२ महिने हप्ते वेळेवर गेले असतील आणि ट्रस्टीची परवानगी असेल तर रस्ता उघडू शकतो.

कर्ज-उत्पन्न प्रमाणाची, म्हणजे घर आणि कर्जांच्या हप्त्यांत उत्पन्नाचा किती भाग जातो त्याची, खूण ४१ टक्के आहे. इतर कर्जांत अशी टक्केवारी भिंतीसारखी असते. इथे तिच्या जोडीला दुसरा, जास्त शहाणा हिशोब असतो: सगळी देणी देऊन घर चालवायला महिन्याला किती उरतं. याला रेसिड्युअल इन्कम म्हणतात. ८०,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कर्जासाठी चार माणसांच्या कुटुंबाला दक्षिण आणि मध्य-पश्चिम भागात किमान १,००३ डॉलर उरले पाहिजेत, ईशान्येत १,०२५ आणि पश्चिमेत १,११७. प्रमाण ४१ टक्क्यांच्या वर गेलं तर या आकड्याच्या १२० टक्के उरायला हवेत.

टेक्सासमधलं चौघांचं घर घ्या. महिन्याचं एकूण उत्पन्न ७,८०० डॉलर. फेडरल कर आणि सोशल सिक्युरिटी वगैरे मिळून १,१०० गेले असं धरू. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. घराचा हप्ता २,५८३, मालमत्ता कर ६००, विमा २००, मिळून ३,३८३. २,००० चौरस फुटांचं घर असेल तर देखभाल आणि वीज-पाण्यासाठी चौरस फुटाला १४ सेंट, म्हणजे २८० डॉलर. गाडीचा हप्ता आणि क्रेडिट कार्डची किमान रक्कम मिळून ६००. उरले २,४३७. पाळणाघराचे ९०० वजा केले तरी १,५३७, आणि १,००३ चे १२० टक्के होतात १,२०४. टक्केवारीने पाहिलं तर घर आणि कर्जंच ५१ टक्क्यांवर जातात, पण या हिशोबाने फाइल मंजूर होण्याची शक्यता बरीच आहे. काही लेंडर तरीही आपल्या घरच्या नियमाने ५० वर रेघ मारतात. अशा वेळी व्हीए कर्जं नेहमी करणारा लेंडर शोधावा.

अपंगत्व भरपाईवर कर लागत नाही. टक्केवारी काढताना लेंडर ती वाढवून धरू शकतो, शिल्लक मोजताना मात्र आहे तेवढीच धरली जाते. सेवेत असलेल्यांचा घरभत्ता, बीएएच, उत्पन्नात धरला जातो. १०० टक्के कायम अपंगत्व असलेल्यांना टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनिया अशा राज्यांत राहत्या घरावरचा मालमत्ता कर माफ असतो. पुरावा दिला नाही तर लेंडर तो कर हप्त्यात धरून बसतो आणि तुमची ऐपत विनाकारण कमी दिसते.

अनेकांना न कळणारा एक सापळा आहे. नवरा-बायकोची मिळकत आणि देणी सामाईक मानणाऱ्या कम्युनिटी प्रॉपर्टी राज्यांत, म्हणजे ॲरिझोना, कॅलिफोर्निया, आयडाहो, लुइझियाना, नेवाडा, न्यू मेक्सिको, टेक्सास, वॉशिंग्टन आणि विस्कॉन्सिनमध्ये, जोडीदाराचं नाव कर्जावर नसलं तरी त्याची देणी मोजली जातात. आणि भावाबरोबर किंवा मित्राबरोबर मिळून घ्यायचा विचार असेल तर तो सुरुवातीलाच लेंडरला सांगा. जोडीदार नसलेली, सेवा न केलेली व्यक्ती सहकर्जदार झाली की हमी फक्त सैनिकाच्या वाट्यापुरतीच मिळते, उरलेल्या भागासाठी डाउन पेमेंट लागतं, आणि अशी कर्जं पुष्कळ लेंडर करतच नाहीत.

लेंडर निवडताना

किमान तिघांकडून लोन एस्टिमेट, म्हणजे दर आणि खर्चाचा ठरावीक नमुन्यातला अंदाज, मागवा, शक्यतो एकाच दिवशी, कारण दर रोज हलतात. मॉर्गेजसाठी ४५ दिवसांत झालेल्या सगळ्या क्रेडिट चौकशा मिळून एकच धरल्या जातात, त्यामुळे स्कोअर पडेल ही भीती सोडा. एस्टिमेटच्या दुसऱ्या पानावरचा «ए» भाग पाहा, लेंडरची स्वतःची कमाई तिथे असते. लेंडरने कर्जाच्या १ टक्का सरसकट फी लावली तर प्रोसेसिंग, अंडररायटिंग, कागदपत्रं तयार करणं असल्या नावांनी वेगळे पैसे लावता येत नाहीत. लावलेले दिसले तर बोट ठेवून विचारा. अप्रेझल (घराच्या किमतीचं मूल्यांकन), क्रेडिट रिपोर्ट, टायटल (मालकीची तपासणी), नोंदणी हे खर्च मात्र वेगळे असतात आणि ते रास्त आहेत. कमी दर दाखवणाऱ्याने किती पॉइंट्स, म्हणजे दर उतरवण्यासाठी आधीच घेतलेले पैसे, आकारलेत हेही तिथेच दिसतं.

ऑफर आणि अप्रेझल

घर स्वतः राहण्यासाठीच हवं. सहसा क्लोजिंगनंतर ६० दिवसांत राहायला जावं लागतं. सैनिक तैनातीवर असेल तर जोडीदार राहिला तरी चालतं. चार युनिटपर्यंतची इमारत घेता येते, एका युनिटमध्ये तुम्ही राहत असाल तर. बाकी तीन भाड्याने. काँडो असेल तर तो व्हीएच्या मंजूर यादीत आहे का ते ऑफर देण्याआधी पाहा. यादीत नसलेल्या संकुलाला मंजुरी मिळवण्यात जाणारा वेळ कुठलाही विकणारा थांबत नाही.

विकणाऱ्यांच्या मनात व्हीए ऑफरबद्दल एक अढी असते: वेळ लागतो, अप्रेझर खोड्या काढतो. ती थोडी खरी, बरीचशी जुनी. उपाय साधा. लेंडरने पूर्ण कागद तपासून दिलेली प्रीअप्रूव्हल, म्हणजे कर्जाची आगाऊ मंजुरी, जोडा आणि लेंडरला समोरच्या एजंटला फोन करायला सांगा. पाच मिनिटांच्या त्या फोनने जेवढं काम होतं तेवढं लांबलचक पत्राने होत नाही.

विकणाऱ्याकडून काय मागायचं तेही ठरवा. क्लोजिंगचा खर्च खरेदीच्या कर्जात मिसळता येत नाही, फक्त फंडिंग फी मिसळता येते. म्हणजे «शून्य» असलं तरी खिशात पैसे लागतातच. विकणारा तुमचा नेहमीचा क्लोजिंग खर्च भरू शकतो. शिवाय सवलती म्हणून वाजवी किमतीच्या ४ टक्क्यांपर्यंत देऊ शकतो, ४ लाखांवर १६,००० डॉलर. त्यात फंडिंग फी, आगाऊ कर आणि विमा, अगदी तुमचं एखादं जुनं कर्ज फेडणंही बसतं. तुमच्या एजंटचं कमिशन विकणाऱ्याने दिलं नाही तर ऑगस्ट २०२४ पासून ते तुम्ही स्वतः देऊ शकता. पण तेही कर्जात मिसळत नाही, रोखच लागतं.

करारात व्हीएचं एस्केप क्लॉज, म्हणजे करारातून बाहेर पडण्याचं कलम, असलंच पाहिजे. अप्रेझलमध्ये किंमत कमी निघाली तर त्याच्या आधारे इसारा परत घेऊन बाहेर पडता येतं. अप्रेझर व्हीए नेमते. किंमत कराराखाली जाईल असं त्याला दिसलं तर अहवाल देण्यापूर्वी तो कळवतो. याला टाइडवॉटर म्हणतात. तिथून दोन कामाच्या दिवसांत तुमच्या एजंटला शेजारपाजारच्या विक्रीचे आकडे द्यायचे असतात. एजंटला हा शब्दच माहीत नसेल तर ते दोन दिवस फुकट जातात. अहवालानंतरही फेरविचार मागता येतो, पण तो रस्ता चढणीचा.

अप्रेझर किमतीबरोबर किमान अटीही तपासतो: छप्पर शाबूत आहे का, पाणी सुरक्षित आहे का, नळ असलेल्या खोल्यांत किमान ५० अंश फॅरनहाइट तापमान राखता येतं का, घराखालच्या पोकळीत शिरता येतं का. १९७८ पूर्वीच्या घरात उडालेला रंग हमखास अडकतो, कारण त्यात शिसं असू शकतं. पुष्कळ राज्यांत वाळवीची तपासणीही लागते. यातल्या बहुतेक गोष्टी घर पहिल्यांदा पाहतानाच डोळ्यांना दिसतात. खिडक्यांच्या चौकटींवरचे पोपडे आणि लटकती पन्हाळी विकणाऱ्याला आधीच दुरुस्त करायला सांगितली तर दुसऱ्या तपासणीचा आठवडा वाचतो.

पण अप्रेझल म्हणजे इन्स्पेक्शन नव्हे. अप्रेझर गटार आतून पाहत नाही, घर तापवणारी भट्टी उघडत नाही. स्वतःचा इन्स्पेक्टर वेगळा लावाच.

दुसरं घर, आणि अडकलेला हक्क

घर विकून कर्ज फिटलं की हक्क परत मिळतो, मात्र अर्ज करून. कर्ज फिटलं पण घर ठेवलं, तर एकदाच, आयुष्यात एकदाच, तो परत मिळवता येतो. पहिलं घर भाड्याने ठेवून कर्जही चालू असेल तर उरलेल्या हक्कावर दुसरं घेता येतं, आणि इथे काउंटीची (जिल्ह्याची) कर्जमर्यादा पुन्हा लागू होते.

२०२५ मध्ये बहुतेक काउंटींत ती ८,०६,५०० डॉलर होती. तिचे २५ टक्के म्हणजे २,०१,६२५. पहिल्या ३ लाखांच्या कर्जात ७५,००० गुंतलेत, उरले १,२६,६२५. त्याच्या चौपट, ५,०६,५०० पर्यंत शून्य डाउन पेमेंटवर. ६ लाखांचं घर हवं असेल तर ६ लाखांच्या २५ टक्क्यांतून, दीड लाखातून, १,२६,६२५ वजा करा: २३,३७५ डॉलर भरावे लागतील. हे गणित लेंडर करून देतो, पण आपल्यालाही येत असलं की चूक पकडता येते.

हे कर्ज कुणी घेऊ नये

२० टक्के रोख आहेत, स्कोअर उत्तम आहे आणि फी माफ नाही: अशा माणसाने साधं कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं, कर्ज शेजारी मांडून पाहावं. तिथे पीएमआय नाही आणि फंडिंग फीही नाही.

दोन वर्षांत बदली होणार असेल तर शून्य डाउन पेमेंट धोक्याचं. वरच्या उदाहरणात दोन वर्षं हप्ते भरूनही बाकी सुमारे ३,९९,००० असते. घराची किंमत तिथेच राहिली आणि विकायला ५ टक्के खर्च आला, तर विकून सुटण्यासाठीच १९ हजार डॉलर खिशातून घालावे लागतील. भाड्याने देता येतं, पण मग हक्क अडकतो.

कर्ज घेतल्यानंतर

मुदतीपूर्वी फेडीवर दंड नाही. दर उतरले तर आयआरआरआरएल नावाचं सोपं रिफायनान्स आहे: फी फक्त ०.५ टक्के, सहसा अप्रेझल नाही. त्यासाठी आधीच्या कर्जाचे सहा हप्ते भरलेले हवेत आणि पहिल्या हप्त्याच्या तारखेपासून २१० दिवस झालेले हवेत. स्थिर दरातून स्थिर दरात जाताना दर किमान अर्धा टक्का उतरला पाहिजे, आणि झालेला खर्च ३६ महिन्यांत भरून निघाला पाहिजे. क्लोजिंगनंतर महिनाभरात सरकारी छाप असल्यासारखी पत्रं येऊ लागतात, «दोन हप्ते वगळा» म्हणून. हप्ते वगळले जात नाहीत, ते कर्जात जातात. व्हीए अशी जाहिरात पाठवत नाही.

आणि ती दुर्मीळ सवलत: हे कर्ज दुसऱ्याच्या नावावर जसंच्या तसं, त्याच दराने जाऊ शकतं. २०२०-२१ मध्ये ३ टक्क्यांच्या आतबाहेर घेतलेलं कर्ज सोबत असलेलं घर आज विकायला काढलं तर तो दर हाच विक्रीचा मुद्दा ठरतो. घेणारा सैनिक असण्याचीही गरज नाही. त्याला लेंडरच्या कसोटीतून जावं लागतं, ०.५ टक्के फी भरावी लागते, आणि किंमत व कर्जाची बाकी यांतला फरक रोख किंवा दुसऱ्या कर्जाने उभा करावा लागतो. विकणाऱ्याने मात्र दोन गोष्टी लेखी घेतल्याशिवाय सही करू नये. पहिली, जबाबदारीतून मुक्तता, नाहीतर घेणाऱ्याने हप्ते थकवले की तुम्हाला फोन येईल. दुसरी, हक्काची अदलाबदल: घेणारा स्वतः पात्र सैनिक असून आपला हक्क तिथे लावायला तयार असेल तरच तुमचा मोकळा होतो. नाहीतर ते कर्ज फिटेपर्यंत तुमचा हक्क त्या घरात अडकून राहतो, मग तुम्ही कुठेही राहा.

हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकण्याआधी सर्व्हिसरला, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला, कळवा, आणि व्हीएच्या लोन टेक्निशियनला ८७७-८२७-३७०२ वर फोन करा. ते तुमच्या वतीने सर्व्हिसरशी बोलतात: थकबाकीचे हप्ते पाडणं, कर्जाच्या अटी बदलणं, वेळ मागणं. ही मदत फुकट आहे. घर लिलावात गेलं आणि व्हीएला लेंडरचा तोटा भरावा लागला, तर ती रक्कम परत करेपर्यंत तेवढा हक्क पुन्हा वापरता येत नाही.